बसून पितो तो चहा

भनपुरीत चहा उभ्यानं पितात. बिलासपूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेत क्लीनर टायरला टेकून कट मारतो, लाकडाच्या टालीवरचा मजूर अंगावरचा भुसा झटकता झटकता पितो, आणि उरला-सिलतऱ्याच्या पाळीला निघालेला तर मोटरसायकलचं इंजिनही बंद करत नाही. अशा ठिकाणी कुणीतरी मऊ उशांचं, पिवळ्या दिव्यांचं, काचेच्या दाराचं टी-रूम काढलं. इथे येऊन बसणार कोण, याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं. रिटायर झालेला मराठी माणूस.

हा काका रायपुरात जागोजागी भेटतो. तात्यापाऱ्यात असतो, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या आसपास तर फारच दाट. भनपुरीतला आमचा नमुना कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. जन्मभर नटबोल्ट मोजून दिल्यामुळे कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय तोंडात घालत नाही. बरोबर चारला दारात हजर. आपण वेळेवर पोचलो तरी म्हणणार, "मी तर केव्हाचा येऊन राहिलो, तुझाच पत्ता नाही." मग एसीखालची खुर्ची निवडायची, लगेच मफलर काढायचा, आणि पोराला सांगायचं की हवा जरा कमी कर. टेबलावरून बोट फिरवून ते उजेडात धरायचं, हेही ठरलेलं. या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काजळी इथे तुळशीच्या पानालाही सोडत नाही, तिथे टेबलाची काय कथा.

"कइसे बाबू, चाहा बने हे?"

"हव बबा."

"बने" या शब्दावर काकांचा विश्वास नाही. केटलीचं झाकण उघडून ते आत बघतात, वास घेतात आणि निकाल देतात, "आलं दाखवलंय फक्त." त्यानंतर घराण्याचा इतिहास. रायपूरचा प्रत्येक मराठी माणूस बिंबाजी भोसल्यांबरोबर आलेला असतो; काकांचे पूर्वज तर म्हणे रतनपूरच्या मुक्कामी सकाळ-संध्याकाळ चहा घेत. बिंबाजींचा अंमल 1758 पासूनचा आणि आसामात चहाचे मळे लागले ते 1837 च्या सुमाराला. मधल्या पाऊणशेहून जास्त वर्षांचं काय, असं मी एकदा विचारलं. "आमच्याकडे आधीपासून होता, लिहून नाही ठेवला," काका म्हणाले. त्यांचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत कारकून होते, हे काकूंकडून कळलं.

परवा मेनूकार्डावर तीन मजली स्टँडचं चित्र होतं. इंग्लंडात 1840 च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेसला जेवणांच्या मधल्या वेळी पोटात कसंतरी होऊ लागलं आणि तिथून हा दुपारच्या चहाचा थाट निघाला, असं मी सांगितलं. काका दुखावलेच. "चारला भूक तर आमच्या आजोबांनाही लागायची. त्यांची नोंद कोण घेऊन राहिलंय?"

तरी स्टँड मागवला. खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर केक. झाकणं हरवलेल्या डब्याकडे पाहावं तसं काकांनी त्याच्याकडे पाहिलं. खालून वर खायचं असतं म्हटल्यावर त्यांनी वरून सुरुवात केली. स्कोनची घरच्या करंजीशी तुलना होऊन स्कोन हरला. दुसरा मागवून परत हरवला. मग त्यांनी कप उचलून चहा बशीत ओतला आणि असा काही फुरका मारला की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं कानातली यंत्रं काढली. काकांना वाटलं तिला शिकायचंय. "हे बघ बेटा, बशी थोडी तिरपी धरायची," त्यांनी हिंदीतून धडा सुरू केला. सांगायला हरकत नाही, मुलगी छान शिकली.

बिल आलं की काका खऱ्या अर्थानं स्टोअरकीपर होतात. चष्मा वर, पेन खिशातून बाहेर. "स्टँड तुझा, तू डचेस काढलीस. माझी फक्त केटली. ऐंशी रुपये. केटलीत कप किती? अडीच. बाहेर दहाला एक, म्हणजे पंचवीस. उरले पंचावन्न, ते एसीचे आणि उशीचे. दोन तास बसलो, ताशी साडेसत्तावीस."

"मग महाग पडलं का काका?"

"महाग नाही. पण उशीला मी टेकलोच नाही, तिचं काय?" असं म्हणून त्यांनी पाठीमागची उशी ओढून घेतली, पाय लांब केले आणि पोराला हाक मारली. केटलीत नुसतं गरम पाणी हवं होतं, त्याच पत्तीवर.

"पानी के पइसा नइ लागय बबा."

"त एक केटली अउ लान दे," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तू घाईत तर नाहीस ना?"