मनगटावरचा नाडीवैद्य

हा तरुण साधारण 22 ते 30 या वयात आढळतो. पुण्याच्या हिंजवडी-बाणेर पट्ट्यात त्याची वस्ती दाट. ओळखण्याची खूण सोपी आहे : वेळ विचारली की तो घड्याळात बघून "अठ्ठावन्न!" म्हणतो. ती त्याची नाडी असते. वेळ दुसऱ्यांदा विचारावी लागते.

प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला 60 ते 100 असते. साठाच्या खाली उतरला तो खेळाडू, असे त्याने कुठेतरी वाचलेले असते. चयापचय मात्र त्याला धावता हवा असतो. बसल्या जागी, बोट न हलवता, भरपूर कॅलरी जळाल्या पाहिजेत. विश्रांतीतला कॅलरी-खर्च काढणाऱ्या 1990 च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात तो आपले 70 किलो, 170 सेंटिमीटर आणि 25 वर्षे घालतो. उत्तर येते दिवसाला सुमारे 1,640 किलोकॅलरी. सूत्रात नाडीला जागाच नाही, हे त्याच्या नजरेतून सुटते. त्यामुळे नाडी उतरली की पोट सुटण्याची भीती आणि चढली की हृदय गेल्याची.

वास्तविक शरीराला विश्रांतीत मिनिटाला पाव लिटर प्राणवायू लागतो आणि त्यासाठी हृदय सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. ते 70 ठोक्यांत फिरले काय नि 50 ठोक्यांत फिरले काय, पेशींना फरक पडत नाही. कमावलेले हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकते, एवढेच. कॅलरींचे मोठे गिऱ्हाईक यकृत आणि मेंदू. मेंदू तर एकटाच पाचवा हिस्सा नेतो, वापरला तरी आणि न वापरला तरी.

नाडी आणि चयापचय जोडीने चढतात ते तापात किंवा थायरॉइड बेफाम झाल्यावर. एक अंश सेल्सियस ताप वाढला की नाडी दहाएक ठोक्यांनी आणि चयापचय दहाएक टक्क्यांनी वर जातो. तेव्हा कॅलरी खरोखरच झोपल्या झोपल्या जळतात. पण हा गडी कण्हत असल्याने त्याला आनंद घेता येत नाही.

त्याचा ताजा छंद म्हणजे एचआरव्ही, दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. व्हेगस मज्जातंतूची ही करामत तरुणांत ठळक दिसते. सकाळी हा आकडा घसरला, की "आज रिकव्हरी नाही" म्हणत तो जिना टाळतो. मिसळ टाळत नाही. आकडा घसरतो तो अपुऱ्या झोपेने, आणि झोप जाते रात्री दोनपर्यंत आलेख बघण्यात.

"अरे, ते घड्याळ काढून झोप की," आई सांगते.

"मग झोप लागली हे कळणार कसं?"