साइटीच्या हयातीचा दाखला

नोव्हेंबर म्हणजे आमच्या अमरावतीत पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं पटवून द्यायचा महिना. मामांना घेऊन राजापेठेतल्या एका केंद्रावर गेलो. तिथल्या पोराने हयातीच्या दाखल्याची साइट उघडली. लाल त्रिकोण आला : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’

‘‘खाजगी कसं राहीन?’’ मामा म्हणाले, ‘‘मांगं धा जनं वाकून पाहून रायले ना!’’

पोराने तपशील उघडला. साइटीच्याही दाखल्यावर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. हिची मुदत आज पहाटे साडेपाचला संपली होती. म्हणजे रात्री बाराला, पण ग्रीनिचच्या. अमरावती झोपेत असताना साहेबी घड्याळाने जीव घेतला.

‘‘म्हंजे मी जिता हाव हे याले सांगाचं, अन् हा सोताच मेला?’’

‘‘काही नाही काका, ‘असुरक्षित आहे तरी पुढे जा’ दाबायचं.’’

मुदत संपली की समोरची साइट खरीच त्या ऑफिसची, याची हमी ब्राउजर घेत नाही. तरी पुढे जा! आमचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. १ एप्रिलला तो खिडकीत सरकवून ‘असुरक्षित आहे तरी पुढे जा’ म्हणून बघा.

दर वेळी साइटच मेलेली असते असंही नाही. अकोल्यात जठारपेठेत माझ्या साळ्याचं दुकान आहे. वीज गेली की त्याचा कॉम्प्युटर थेट १ जानेवारी २०१० ला जाऊन बसे. मग बँक, रेल्वे, सगळ्यांचे दाखले ‘अजून लागूच झाले नाहीत’! ब्राउजर तारीख ताडतो ती आपल्याच कॉम्प्युटरच्या घड्याळावर. साळ्याने दोनदा फॉरमॅट मारलं, नेटवाल्याशी भांडला. शेवटी मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल बदलला आणि जग पुन्हा जन्माला आलं.

आता म्हणे साइटीच्या दाखल्याचं आयुष्यही कमी होत जाणार. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होते. १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७. साइटीची गुप्त किल्ली चोरीला गेलीच, तर चोराला दिवस कमी मिळावेत, हा हेतू. नूतनीकरण यंत्राने आपोआप करायचं असतं. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था नव्वद दिवसांचे दाखले फुकटात देते. पण यंत्राला ते काम सोपवायचं तर आधी फाइल फिरवावी लागणार, आणि ४७ दिवसांत आमच्याकडे फाइल पहिल्या टेबलावरून उठत नाही.

‘‘मुदत संपत आल्याचा मेल येतो ना कोणाला तरी?’’ मी पोराला विचारलं.

‘‘मले येते,’’ रांगेतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. ही साइट चालवणाऱ्या ऑफिसातूनच सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, तेही हयातीच्या दाखल्यालाच आलेले. ‘‘महिन्यापासून येऊन रायले.’’

‘‘मग सांगितलं नाही?’’

‘‘मेलचा पत्ता बदला म्हनून रिटायर होतानाच अर्ज देला बापा. त्याची पोच हाये माह्यापाशी.’’