साडेतीन फुटांचा हिवाळा

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो येतो. गारठ्यानं मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्रभर जागतात. त्याच निफाडात, बागांपासून चार घरं अलीकडे, माझी आत्याही त्याच काळजीनं जागी असते. तिच्याकडे द्राक्षं नाहीत. साडेतीन फुटांची वेणी आहे.

अशी एक बाई प्रत्येक घराण्यात असते. लग्नकार्यात तिची ओळख नावानं होत नाही, ‘त्या हो, लांब केसांच्या’ अशीच होते. आत्याला दाखवायला नेलं तेव्हा म्हणे आतोबांच्या आईनं अंबाडा सोडायला लावला आणि गंगावन तर नाही ना, म्हणून वेणी ओढून पाहिली. हा किस्सा आत्या अजून सांगते. सुरुवातीला आवाजात संताप असतो, पण ‘ओढून दमली म्हातारी!’ इथवर येईपर्यंत त्याचा निव्वळ अभिमान झालेला असतो.

कॅलेंडर काहीही म्हणो, आत्याचा हिवाळा बाटलीतलं खोबरेल थिजतं त्या सकाळी सुरू होतो. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे निफाडात दिवाळीच्या सुमाराला. लहानपणी सुट्टीत गेलो की ही बाटली अंगणातल्या उन्हात धरून बसणं हे माझं काम. सावली सरकली की मीही सरकायचो. ‘गॅसवर ठेवू का गं?’ असं एकदा विचारलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तळायला निघालोय. शेवटी घाईच्या दिवशी ती बाटली आतोबांच्या आंघोळीच्या बादलीत सोडली जायची. आतोबांच्या डोक्यावर तेव्हाही मोजून चाळीसेक केस होते. ते गपचूप बाटलीच्या बाजूबाजूनं तांब्या बुडवत.

एकदा मोठ्या तोऱ्यात मी तिला म्हटलं, ‘आत्या, २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी तपासलंय. सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसाच्या आत शिरत नाही, खोबरेल शिरतं. त्यामुळे धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं.’ तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘झालं त्यांचं तपासून? मग वाटी आण.’

रविवारी दुपारी बारा ते तीन आत्या कोणाची नसते. तेव्हा न्हाणं असतं. सकाळी नाही, कारण गारठा. संध्याकाळी नाही, कारण केस वाळत नाहीत आणि मग तिला सर्दी होते. शिकेकाई, रिठा, आवळकाठी आदल्या रात्रीच भिजलेली. पाणी कोमट. या ‘कोमट’वर आमच्या घरात जितके वाद झालेत तितके वाटणीवरून झाले नाहीत. थंडीत सगळ्यांना कढत पाणी हवं असतं, आणि केसांना नेमकं तेच नको असतं. होतं नव्हतं ते तेल कढत पाणी धुऊन नेतं, वरून हवा कोरडी. मग केसाचे खवले उभे राहतात आणि टोकाला फाटे फुटतात. हे आत्या एका वाक्यात सांगते : ‘तान्ह्या पोराचं दूध असतं तेवढं कोमट.’ स्वतः कुडकुडते, दात वाजतात, पण डोक्यावर कढत तांब्या म्हणून घेत नाही.

न्हाऊन झाल्यावर टॉवेल चालत नाही. ‘टॉवेल म्हणजे काथ्या,’ असं तिचं मत. तिला लागतं आतोबांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. त्यात केस गुंडाळून टिपायचे, चोळायचे नाहीत, झटकायचे तर मुळीच नाहीत. कारण (इथे आवाज खाली येतो) ‘ओले केस म्हणजे ओली बाळंतीण. हात लावायचा तो जपून.’ आता खरोखरच ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. पण आत्याचा आविर्भाव असा की पलंगाखाली शेगडी ठेवून धुरी द्यायचीच काय ती बाकी आहे.

एका सत्यनारायणाला गुरुजी आले, चौरंग मांडला, केळीचे खांब बांधून झाले आणि आतोबांना नेसायला धोतर सापडेना. आयुष्यभर पायजम्यात वावरलेल्या माणसाकडे शेवटचं उरलेलं ते एकच, आणि ते आत्याच्या डोक्यावर होतं. आत्या म्हणाली, ‘अजून अर्धा तास.’ आतोबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी घड्याळाकडे. शेवटी यजमान पंच्यावर पूजेला बसले, आणि पाचही अध्याय संपेपर्यंत तो पंचा एका हातानं धरून होते.

केस वाळले की विंचरणं. रुंद दातांचा लाकडी कंगवा, आणि सुरुवात शेंड्याकडून. ‘गुंता खालून सोडवायचा,’ हे तिचं लाडकं वाक्य. वरून कंगवा ओढला की सगळ्या गाठी खाली जमतात आणि मग केस तुटतो. केसांपुरतं ते ठीकच, पण भावाभावांचं भांडण असो, बँकेतल्या पासबुकाचा घोळ असो की माझं मोडलेलं लग्न, आत्याचं उत्तर तेच. पासबुकाच्या वेळी ती खरंच शेवटच्या नोंदीपासून वर वर गेली आणि चूक काढली. माझ्या लग्नाच्या बाबतीत मात्र खालचं टोक कोणतं, हे आम्हाला दोघांनाही ठरवता आलं नाही.

कंगव्यात आलेला गुंतवळ ती बोटाभोवती गुंडाळते, त्यावर थू थू करते आणि पुडीत बांधून ठेवते. गल्लीत ‘केसांवर भांडी’वाली आली की शेजारणी पुड्या घेऊन धावतात. आत्या नाही. ‘माझे केस देऊन चहाची गाळणी आणू?’ थंडीत पुडी फुगली की तिचा चेहरा उतरतो, आणि त्या दिवशी स्वयंपाकात मीठ कमी-जास्त होतं.

मी एकदा गंमत म्हणून हिशेब केला. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे तिच्या वेणीच्या शेंड्याचं वय सात वर्षं. त्या शेंड्यानं लॉकडाउन पाहिलाय, सात हिवाळे काढलेत. टाळूवरचं तेल आपण होऊन तिथवर पोचत नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच कोरडा पडतो. हे तिला सांगितलं, तर तिनं वेणी पुढे घेतली, शेंडा तळहातावर ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिली. ‘दुसरीत गेलं की रे हे,’ म्हणाली.

रात्री उशीवर रेशीम. येवला जवळच, तिथून पैठणीबरोबर आणलेला रेशमी ब्लाउजपीस तिनं शिवलाच नाही, उशीवर पांघरला. सुती अभ्रा केसांना घासतो, रेशमावर केस घसरतात. आतोबांना सुती उशी. लोकरीच्या मफलरशी तर तिचं हाडवैर आहे. कानाला गुंडाळायचाच झाला तर आत सुती रुमाल, मग मफलर. अशा थरांमध्ये ती पहाटे दूध घ्यायला निघते तेव्हा चेहरा असा दिसतच नाही. ओळखायचं ते मागून, स्वेटरच्या आत सारलेल्या वेणीच्या उंचवट्यावरून.

आता वेणी बारीक झालीय. ‘उंदराची शेपटी,’ असं तीच म्हणते. दुसऱ्या कोणी म्हणून पाहावं! माझ्या टकलाची तर तिनं आशाच सोडलेली नाही. गेलो की पाटावर बसवते, वाटीत बोटं बुडवते आणि टाळूवर तेल जिरवत म्हणते, ‘मुळं जिवंत आहेत अजून.’

गेल्या हिवाळ्यात तिच्या लेकीनं पुण्याहून केसांना लावायचं सीरम पाठवलं. इवलीशी बाटली, दोन थेंब शेंड्यांना चोळायचे, केस लगेच मऊ. आत्यानं ती सगळ्यांसमोर नाकाजवळ नेली, तोंड वाकडं केलं आणि जाहीर केलं, ‘असल्या चिकट पाण्यानं कधी केस टिकलेत?’

जानेवारीत मी गेलो. चहाची साखर शोधताना मिसळणाच्या डब्यामागे ती बाटली हाताला लागली. निम्मी रिकामी.

‘आत्या, हे गं काय?’

‘ते होय,’ ती माझ्याकडे न बघता वेणी घालत राहिली. ‘मागचं दार करकरत होतं. बिजागरीला घातलं थोडं थोडं.’

रात्री पाण्याला उठलो. बाहेर बागेत शेकोट्या पेटल्या होत्या. मागचं दार ढकललं, तर ते सबंध आळी जागी होईल असं करकरलं.