कुणी हात लावला?

आमच्या टीमचा ‘नाइटली’ बिल्ड पहाटे साडेपाचला सुटतो. क्रॉनमध्ये मांडलेली मध्यरात्र यूटीसीची आहे. तिकडे रात्रीचे बारा वाजतात आणि इकडे बऱ्याचदा आमचे.

दिवाळीत कोडला कुणी बोट लावत नाही, तरी बिल्ड चालतोच. नव्या साहेबांना हे खटकलं. ‘‘बदल नाही, तर चालवता कशाला? मशीनचं भाडं पडतं ना?’’ प्रश्न बिनतोड. रिकाम्या खोलीतला पंखा दिसला की जेवणावरून उठून बंद करणाऱ्या घरात मीही वाढलोय.

पण आपला कोड गप्प बसला म्हणून बाकीचे थोडेच गप्प बसतात! मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रामरने एनपीएमवरून रागारागाने आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं : मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरणाऱ्या 11 ओळी. जगभरचे बिल्ड आडवे झाले. त्यातल्या कित्येकांनी या पाहुण्याचं नावही ऐकलं नव्हतं. तो पाहुण्याच्या पाहुण्याबरोबर आलेला. 30 जून 2024 ला सेंटओएस 7 ची मुदत संपली, मिररच्या यादीचा पत्ताच गायब झाला, आणि काल बिनतक्रार चालणारं ‘यम इन्स्टॉल’ ‘होस्ट सापडत नाही’ म्हणू लागलं.

घरचे भेदी वेगळेच. आमच्या एका टेस्टमध्ये क्रेडिट कार्डाची मुदत ठोकून लिहिलेली होती. लिहिणाऱ्याला ती तारीख फार लांबची वाटली असावी. ती उजाडली तेव्हा तो बंगळूरात, दुप्पट पगारावर. लॉगमध्ये हजारेक हिरव्या ओळी आणि मधोमध एक लाल : ‘कार्ड कालबाह्य’. साहेबांनी विचारलं, ‘‘कुणी हात लावला?’’ कुणीच नाही. हे उत्तर खरं असूनही आमच्या धंद्यात कुणाला पटत नाही.

पहाटेचा बिल्ड पडला की निदान संशयितांची यादी तरी आखडते : आपण सगळे झोपेत होतो, म्हणजे बाहेरचा कुणीतरी, नाहीतर कॅलेंडर. तोच सोमवारी रिलीजच्या ऐन घाईत पडला, तर आधी आपल्याच पोराची मान धरली जाते.

गंमत पुढेच आहे. गिटहबवर सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काही हालचाल झाली नाही, तर ठरलेल्या वेळेचे बिल्ड आपोआप बंद होतात. आमची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे, वर्षानुवर्षं न बिघडलेली. तिच्यासाठी आम्ही एक बॉट नेमलाय. तो अधूनमधून रिकामा कमिट करतो. काही न बदलता बिल्ड चालावा, म्हणून काहीतरी बदलल्याचं सोंग! कमिटच्या यादीत त्याचं नाव आमच्यातल्या दोघांच्या वर गेलंय. अप्रेझल होईपर्यंत ती यादी साहेबांसमोर उघडायची नाही, असं सर्वानुमते ठरलंय.