फाटकावरील न्यायदान

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. परंतु त्या अधिकाराची खरी बूज आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावरच राखली जाते, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. फाटकावरील ॲपात साठणारी छायाचित्रे, मोबाइल क्रमांक व येण्याजाण्याच्या वेळा अखेर कोणाच्या दप्तरी जमा होतात, अशी पृच्छा एका सभासदाने करताच कार्यकारिणीने अंगठ्याच्या एका स्पर्शासरशी त्याचे ॲपातील खाते बंद केले. सभासदाच्या हकालपट्टीपूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, तीन-चतुर्थांश मते मिळवावीत, निबंधकाची मंजुरी घ्यावी, असली वेळखाऊ कलमे 1960च्या सहकार कायद्यात आहेत खरी. पण तो करणाऱ्यांना अंगठ्याचे सामर्थ्य कोठून ठाऊक असणार? आता हे गृहस्थ स्वतःच्याच घरी रोज पाहुणे म्हणून येतात. रखवालदार अदबीने त्यांचे छायाचित्र काढतो, क्रमांक टिपतो, कामाच्या रकान्यात ‘इतर’ भरतो, आणि वरून पत्नीची मंजुरी येईपर्यंत त्यांना बाकावर बसवितो. खाते बंद करण्याची कारणे त्यांनी लेखी मागितली, तेव्हा सचिवांचे उत्तर आले : सदर माहिती खासगी आहे.