डोनाल्डतात्यांस, खोपोलीहून

रा. रा. डोनाल्डतात्या ट्रम्प यांस,
स. न. वि. वि.

20 जानेवारी 2025 ला शपथ घेतलीत आणि त्याच दिवशी सही ठोकून मेक्सिकोच्या आखाताचं अमेरिकेचं आखात केलंत. हेवा वाटला. आमच्याकडे साध्या जलाशयाला नाव द्यायचं तर आधी निवेदन, मग ठराव, मग दुसऱ्या गटाचं दुसरं नाव, मग दोघांचे मोर्चे. गूगलनेही तुमचं मुकाट ऐकलं म्हणे. नकाशा मेक्सिकोत उघडला तर जुनं नाव, तुमच्याकडे नवं. आम्हाला मात्र दोन्ही, एक कंसात. म्हणजे भांडण तुमचं आणि कंस आमच्या मोबाइलवर!

जुनंच नाव लिहिलं म्हणून असोसिएटेड प्रेसच्या बातमीदारांना तुम्ही दाराबाहेर ठेवलंत. इथे तसं केलं तर आत कुणी उरायचं नाही. जायकवाडीचा नाथसागर, कोयनेचा शिवसागर, उजनीचा यशवंतसागर होऊन किती पावसाळे गेले. ऑगस्टात पेपरवाले आणि शेतकरी विचारतात ते ‘उजनी किती टक्के?’ एवढंच.

पण तात्या, राग मानू नका, नाव बदलणं हे किरकोळ काम. आमच्या टाटांनी पाण्याचा समुद्रच बदलला. लोणावळ्या-वळवणचं पाणी मूळ इंद्रायणीचं; भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारं. त्यांनी घाटमाथ्यावर ते अडवलं, नळांतून खाली खोपोलीला आणलं, 1915 पासून त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरवल्या आणि काम झालेलं पाणी पाताळगंगेत सोडलं. 1922 पासून ठोकरवाडीचं पाणी तसंच भिवपुरीला उतरतं, पेजेतून उल्हास नदीला मिळतं. दोन्ही वाटा अरबी समुद्राच्या. कर्जतकडे भर उन्हाळ्यात भात डोलतो तो याच जिवावर; रसायनीचे कारखानेही पाताळगंगेवरच. इतकी उलथापालथ झाली, पण इंद्रायणी इंद्रायणीच राहिली आणि पाताळगंगा पाताळगंगाच. पाटीवाल्या रंगाऱ्याला एक दिवसाचंही काम मिळालं नाही.

नाव जागच्या जागी ठेवून पाणी कसं न्यायचं, तेही इथे शिकायला मिळेल. मोरबे धरण आमच्या खालापूर तालुक्यात, मालकी नवी मुंबई महापालिकेची, नळही तिकडचे. नावाबद्दल कुणाची तक्रार नाही! मे महिन्यात ठाकूर-कातकरी वाड्यांवर टँकर येतो, त्यावर पुढाऱ्याचं नाव ठळक असतं. बाया ते वाचत बसत नाहीत. नळी कुठल्या बाजूला आहे ते बघून हंडे लावतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खोपोलीकर

ता. क. इराणच्या आखाताचं नाव बदलायचाही आपला विचार होता असं वाचलं. तसेच पुढे सरकत अरबी समुद्रापर्यंत येऊ नका. तिथे आमच्या शिवस्मारकाचं जलपूजन 24 डिसेंबर 2016 लाच झालंय. आता फक्त स्मारक व्हायचंय.