थकबाकी असावी तर कोटींची

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात 2025 च्या फेब्रुवारीत एक ठरलेले लग्न मोडले. पसंती झाली, बोलणी झाली, आणि शेवटच्या बैठकीत मुलीच्या एका नातेवाइकाने मुलाचे सिबिल बघायला मागितले. मुलाच्या नावावर निरनिराळ्या बँकांची कर्जे निघाली, आकडा खाली निघाला, मंडळी उठली. पत्रिकेतल्या मंगळाची निदान शांत तरी करता येते. 300 ते 900 च्या या नव्या पत्रिकेवर गुरुजींकडेही उतारा नाही. हे लोण माणगावचा घाट उतरून रायगडातल्या म्हसळ्यापर्यंत यायला फार वेळ लागेल असे नाही. शेजारच्या श्रीवर्धनच्या भट घराण्याचे नशीब म्हणायचे, की थोरल्या बाजीरावांना स्वाऱ्यांसाठी कर्ज देताना कोणी आकडा विचारला नाही. गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याची जी रड आहे, ती वाचून आजच्या शाखाधिकाऱ्याने नर्मदा ओलांडायला एक रुपयाही मंजूर केला नसता. (स्वामी स्वतःच त्यांचे धनको होते, हा भाग वेगळा.)

म्हसळ्यातल्या माणसाचे सिबिल बिघडते कशाने? मोबाइलचे दोन हप्ते चुकले, कार्ड बंद केले असे वाटले पण वार्षिक फी चढत राहिली, चुलत भावाला जामीन राहिलो आणि भाऊ मुंबईत गडप झाला. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी झोपवल्या, तेव्हा टाळेबंदीमुळे रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिलेली होती. सप्टेंबर उजाडला तेव्हा हप्ता उभा राहिला. पोफळ उभी राहायला पुढे कितीतरी वर्षे लागतात. विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो, नंतर मुदत संपते. पतनोंद कंपन्यांनी मात्र नोंद किमान सात वर्षे जपायची असते. म्हणजे न्यायालय ज्या रकमेकडे बघायचे सोडते, ती रक्कम यंत्र पुढेही तितक्याच निष्ठेने दाखवत राहते. त्यातच वसुलीवाल्याचा मायाळू फोन येतो: वीस हजारांचे बारा भरा, विषय संपवू. माणूस उसनेपासने करून बारा भरतो आणि नोंदीत ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो. पुढच्या बँकेला त्याचा अर्थ एवढाच कळतो, की या गृहस्थाने पूर्वी एकाचे आठ हजार बुडवलेले आहेत.

या माणसाची खरी चूक कर्ज थकवण्यात नाही, ते लहान ठेवण्यात आहे. पुरावा लांब शोधायला नको. म्हसळ्यावरून जो रस्ता दिघीला जातो, त्याच्या टोकाला बंदर आहे. ते चालवणारी दिघी पोर्ट ही कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2021 च्या फेब्रुवारीत अदानी समूहाने ती 705 कोटींना घेतली. कर्ज देणाऱ्यांचे दावे या रकमेच्या दुपटीहून अधिक होते. उरलेल्या रकमेसाठी बंदराच्या फाटकावर ‘सेटल्ड’ अशी पाटी लागलेली नाही. उलट जुनी देणी फिटली असे कायद्यानेच मानले आणि जहाजे नव्या उमेदीने येऊ लागली. त्याच वर्षी व्हिडिओकॉनच्या सुमारे 64 हजार कोटींच्या दाव्यांपोटी तीन हजार कोटींहून कमी रकमेची बोली मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने मंजूर केली. घेणारा जवळजवळ काहीच देत नाही, हे त्याच आदेशात नोंदवून मंजूर केली! पुढे अपिलात ती अडली. पण शेकडा चार रुपयांत हिशेब मिटवण्याची कल्पना तिथे कोणाला असभ्य वाटली नव्हती. तीच कल्पना पतपेढीच्या काउंटरवर मांडून बघावी.

यावर जाणकार म्हणतील, दिघीत जुन्या मालकाच्या हातून बंदर गेले की! गेले, खरे आहे. पण इथेही हप्ते थकले की मोटारसायकल उचलून नेतात, मिळेल त्या भावाला विकतात, आणि उरलेली रक्कम तिच्या जुन्या मालकाच्या नावावर चालूच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बुडीत कर्जाचे निर्लेखन (राइट-ऑफ) म्हणजे माफी नव्हे. 2014-15 पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी साडेचौदा लाख कोटींहून अधिक कर्जे निर्लेखित केली, असे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी 2023 मध्ये संसदेला सांगितले, तेव्हा हा खुलासा सोबत होताच. ती केवळ हिशेबातली नोंद, वसुली चालू राहते. मान्य. मग हीच हिशेबातली नोंद मोबाइलच्या सहा हजारांवर पडली की ती चारित्र्याचा दाखला कशी होते? तिसरे म्हणणे शिस्तीचे. लहानांना सोडले तर बँका बुडतील म्हणतात. रायगड जिल्ह्याने बुडालेली बँक बघितलेली आहे. 2010 मध्ये पेण अर्बन बंद पडली ती पोफळीवाल्यांच्या थकबाकीने नाही, बोगस कर्जखात्यांनी, आणि तो आकडा सहाशे कोटींच्या घरातला होता.

मुख्यमंत्री अधूनमधून बँकांना दम देतात, पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून. 2025 च्या मे महिन्यातही दिला. बँका मान डोलावतात आणि शाखेत आकडा विचारतात. तेव्हा दमावर विसंबण्यापेक्षा चार पतनोंद कंपन्यांचे अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतात, ते चारही मागवावेत. ऐपत असेल तर तडजोड न करता पूर्ण रक्कम भरावी आणि बेबाकीचा दाखला हातात पडल्याशिवाय खुर्ची सोडू नये. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत निकाल लागला नाही तर एप्रिल 2024 पासून दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. बँकेने ग्राहकाला दंड देण्याचा हा दुर्मीळ योग असल्याने तो सोडू नये.

ज्याची ऐपतच नाही, त्याचीही सोय संसदेने केलेली आहे. दिघी बंदर ज्या 2016 च्या दिवाळखोरी संहितेने मोकळे केले, तिच्यातच ऐंशीवे कलम आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, देणे पस्तीस हजारांच्या आत, स्वतःचे घर नाही, अशा माणसाने अर्ज करावा आणि नवी सुरुवात मिळवावी. कंपन्यांचे प्रकरण त्याच वर्षअखेर लागू झाले. कंपन्यांना जामीन राहिलेल्यांसाठीचा भाग 2019 मध्ये लागू झाला. ऐंशीवे कलम लागू करण्याची अधिसूचना तेवढी निघायची राहिली आहे.